भूवापर नियोजन शिकवायला सुरुवात कुठून करावी? शहरापासून की एका प्लॉटपासून?

नकाशेबाज

पुढच्या सत्रात नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गाला भूवापर नियोजन शिकवायचं आहे. वर्गात निम्मे आर्किटेक्चरचे, बाकी सिव्हिल, भूगोल आणि दोन-तीन अर्थशास्त्राचे. विषय मला नवा नाही, पण आपण सगळे तो ज्या पद्धतीने शिकवतो तिच्यावरचा माझा विश्वास उडत चाललाय.

पद्धत ठरलेली आहे. एक मध्यम आकाराचं शहर द्यायचं, सर्वेक्षण करायला लावायचं, वीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची, हजार माणसांमागे इतकी शाळा, इतकी बाग अशा तक्त्यांवरून गरज काढायची, आणि मग नकाशा रंगवायचा. शेवटी ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे सादरीकरण. शीट्स देखण्या होतात, यात वाद नाही. पण ज्युरीत मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. हा जो हिरवा तुकडा तू बाग म्हणून दाखवलायस, ती जमीन आज कुणाची आहे आणि तुझा आराखडा मंजूर झाल्यावर तो माणूस तिचं काय करू शकतो? इथे गाडी थांबते. वाऱ्याची दिशा सांगतात, चालत पाच मिनिटांचं वर्तुळ दाखवतात. जमिनीला मालक असतो, हे जणू दुसऱ्याच कुठल्या विषयात शिकवलं जातं.

म्हणून विचार असा की पहिले तीन आठवडे शहराचा नकाशा दाखवायचाच नाही. एक प्लॉट द्यायचा. त्यावर काय बांधता येतं, कोणत्या नियमाने, तो नियम बदलला तर कोणाचं काय जातं. मग गल्ली, मग वॉर्ड, मग शहर. विभागातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, असं केलं तर मुलं नियमावलीचे कारकून होतील. शिकवणाऱ्यांनी, शिकणाऱ्यांनी आणि या धंद्यात पोट भरणाऱ्यांनी, सगळ्यांनीच लिहा.

मोजपट्टी

जोरदार पाठिंबा. मी सिव्हिलच्या मुलांना हेच करायला लावते. सराव देते, हवा तर उचला.

प्लॉट २० बाय ५० मीटर, म्हणजे १००० चौ.मी. एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.५. मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, पुढे ६ मीटर, बाकी तिन्ही बाजूंना ३. दर ७५ चौ.मी. बांधकामामागे एका गाडीची जागा. एवढंच फळ्यावर लिहायचं आणि गप्प बसायचं.

मार्जिन सोडल्यावर उरतात १४ बाय ४१, म्हणजे ५७४ चौ.मी. बांधायला मिळतात १५००. म्हणजे तीन मजले पुरले, सगळे खूश. मग कोणीतरी गाड्या मोजतं. २० गाड्या. येण्याजाण्याच्या वाटेसकट गाडीमागे २८ चौ.मी. धरा, ५६० झाले. तळमजल्याचे ५७४ होते! संपला तळमजला. इमारत आपोआप खांबांवर चढते, रस्त्याकडे दुकान नाही, ओटा नाही, खिडकी नाही. नुसते खांब आणि गाड्यांची तोंडं.

मग सांगायचं, आता गाडीचा नियम ७५ ऐवजी १५० करा आणि परत काढा. दहा गाड्या, २८० चौ.मी. अर्धा तळमजला मोकळा. वर्गात जो गलका होतो तो कुठल्याही व्याख्यानाने होत नाही. रस्त्याचं रूप कोण ठरवतं हे त्यांना एका भागाकारात कळतं.

टपालपेटी

थोडक्यात, इमारत पार्किंगने डिझाइन केली, आर्किटेक्टने फक्त सही केली.

शेवटचा_बाक

वाचनखूण साठवली. आम्हाला हे कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही पहिल्या सत्रात एफएसआयची व्याख्या पाठ केली आणि तिसऱ्या सत्रात विसरलो.

अर्धविराम

असहमत, आणि जरा सविस्तर.

मी भूगोलातून या विषयात आलो, त्यामुळे पूर्वग्रह असेल तर तो आधीच मान्य. प्लॉटपासून सुरुवात केली की मुलाच्या डोक्यात प्लॉट हेच सत्य बसतं आणि बाकी सगळं त्याच्याभोवतीची पार्श्वभूमी. पण पाणी प्लॉटची हद्द मानत नाही. नगरनियोजक पॅट्रिक गेडिस मूळचा जीवशास्त्राचा माणूस, १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला प्रमुख. त्याचा आग्रह काय होता? आधी पाहा, मग आखा. डोंगरापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा छेद काढा, कुठल्या उंचीवर कोण काय काम करतं ते त्यावर मांडा. शहर कशावर जगतं हे त्यातून दिसतं. भारतातल्या शहरांवर त्याने जे अहवाल लिहिले त्यात जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढायला विरोध केला आणि मोजकी पडकी घरं काढून हवा-उजेड आणायची शस्त्रक्रिया सुचवली. ही नजर एका प्लॉटच्या बेरीज-वजाबाकीतून येत नाही.

दुसरं म्हणजे मोजपट्टींच्या सरावात एफएसआय १.५ हा आकाशातून पडलाय. मुलं तो दिलेला आहे असं धरून कामाला लागतात. कारकुनाची व्याख्या याहून वेगळी काय असते?

मोजपट्टी

@अर्धविराम, १५० चं गणित त्यासाठीच आहे हो सर. नियम बदलून बघितला की तो दिलेला राहत नाही.

बाकी "आधी पाहा मग आखा" याबद्दल आदर आहे, पण आमच्याकडे बघण्यातच सत्र संपतं. सोळा आठवड्यांपैकी अकरा आठवडे सर्वेक्षण, दोन आठवडे तक्ते, आणि आखणी शेवटच्या रविवारी रात्री. गेडिसला अहवाल लिहायला परीक्षेचं वेळापत्रक आडवं येत नव्हतं.

उलटतपासणी

मी वकील, एका विद्यापीठात नियोजनाच्या मुलांना कायदा शिकवायला जाते. प्लॉट की शहर हा वाद मला थोडा खोटा वाटतो, कारण एकाच खटल्यात दोन्ही सापडतात.

अमेरिकेतलं युक्लिड विरुद्ध अँब्लर, १९२६. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाने झोनिंग लावलं, म्हणजे कुठल्या भागात कोणता वापर चालेल हे नियमाने ठरवलं. अँब्लर रिअल्टीकडे ६८ एकर जमीन. कंपनीचा दावा असा की कारखान्यांसाठी विकली तर एकरी १०,००० डॉलर येतात आणि निवासी ठरवल्यास २,५००. गावाने माझी जमीन न घेताच माझे पैसे घेतले, ही तक्रार. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी गावाची बाजू घेतली, आणि त्यावर पुढचं जवळजवळ शतकभराचं अमेरिकन झोनिंग उभं राहिलं.

मी मुलांना निकालाचा सारांश देत नाही. मूळ निकालातला अपार्टमेंटबद्दलचा परिच्छेद वाचायला लावते. न्यायमूर्ती सदरलँड तिथे म्हणतात की एकेका घराच्या वस्तीत येणारी अपार्टमेंटची इमारत पुष्कळदा निव्वळ परोपजीवी असते. कारखान्याचा धूर नाही, ट्रक नाही, नुसती भाड्याने राहणारी माणसं. तीही उपद्रवात जमा! हे वाचल्यावर नकाशावरचा निवासी भागाचा पिवळा रंग मुलांना निरागस वाटत नाही. अर्धविराम सरांच्या "एफएसआय कुठून आला" या प्रश्नाचं उत्तर असंच द्यावं लागतं. नियमाला जन्मतारीख असते आणि त्याच्या बापाचे हितसंबंध असतात.

नकाशेबाज

@उलटतपासणी, प्रतिसाद फारच आवडला. हा परिच्छेद वर्गात वाचणार म्हणजे वाचणार. ह्यूस्टनला झोनिंग नाही असं एक उदाहरण मी देतो, पण मुलं त्यावरून "म्हणजे नियमच नकोत" या निष्कर्षावर उडी मारतात.

उलटतपासणी

मग उदाहरण अर्धंच सांगितलंत. ह्यूस्टनमध्ये झोनिंग नाही, पण खरेदीखतातल्या अटी आहेत आणि त्या अटी पाळल्या जाव्यात म्हणून शहर स्वतः दावे लावू शकतं. शिवाय शहराच्या मोठ्या भागात पार्किंगचे किमान नियम आहेतच. नियम गेले नाहीत, दुसऱ्या दाराने आत आले.

शेवटचा_बाक

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या वर्गात एकाने अख्खा निवासी भाग हिरवा रंगवला, व्यापारी निळा आणि कारखाने पिवळे. ज्युरीवाले अर्धा तास त्याच्या "शेतीप्रधान शहराचं" कौतुक करत होते. तो सिमसिटी हा शहर वसवायचा संगणकावरचा खेळ खेळून आला होता. त्या खेळात निवासी हिरवं असतं!

टपालपेटी

=)) =)) ज्युरीला पिवळ्यात मोहरी दिसली असणार.

चौथी_मिती

रंगांचा घोळ खेळापुरता नाही. अमेरिकन पद्धतीत व्यापारी म्हणजे लाल. भारतीय आराखड्यांत लाल म्हणजे सार्वजनिक-निमसार्वजनिक आणि व्यापारी निळा. परदेशी विद्यापीठात गेलेला आमचा एक माजी विद्यार्थी पहिल्याच सादरीकरणात शहराच्या मधोमध भलामोठा लाल पट्टा दाखवून बसला. तिथल्या प्राध्यापकांना वाटलं बाजारपेठ, याच्या मते ती शाळा आणि दवाखाने.

सिमसिटीवरून आठवलं. तो खेळ वर्गात वापरायला माझी हरकत नाही, मात्र तो फोडून दाखवायला हवा. मूळ खेळ १९८९ चा. त्यात तुम्ही झोन आखता आणि तो आपोआप भरतो. मालक नाही, हरकत नाही, कोर्ट नाही, बुलडोझर एका टिचकीवर. एका झोनमध्ये एकच वापर, खाली दुकान वर घर चालत नाही. २०१३ च्या आवृत्तीच्या मुख्य रचनाकाराने तर मुलाखतीत सांगितलं होतं की पार्किंग खऱ्या प्रमाणात दाखवलं तर खेळभर पार्किंगच दिसेल, म्हणून ते जमिनीखाली आहे असं धरून सोडून दिलं. मोजपट्टींच्या सरावानंतर लगेच हे सांगा. एक तास खेळायला द्या आणि नंतर विचारा, या शहरात काय काय गायब आहे? यादी मुलंच करतात.

टेबलावरची_फाईल

मी शिकवत नाही. नियोजनाच्या कचेरीत काम करतो, पदवी घेऊन येणाऱ्यांना कामाला लावतो. कोणती कचेरी ते विचारू नका.

नव्या मुलांचं सॉफ्टवेअर उत्तम असतं, आमच्यापेक्षा कितीतरी. येत काय नाही, तर लिहिता. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती येतात, ढिगाने. प्रत्येकीवर कारणासह निर्णय लिहावा लागतो. एक हरकत चार पानी टाईप केलेली, वकिलामार्फत, सात कलमांचे दाखले. दुसरी वहीच्या फाटक्या पानावर, त्यात एकच वाक्य, की रस्ता माझ्या विहिरीवरून चाललाय. नव्या मुलाने पहिलीवर दीड पान लिहिलं आणि दुसरीवर "नोंद घेतली". मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले आणि विचारलं, यातली नकाशाची चूक दाखवणारी कोणती? विहीर नकाशावर नव्हतीच. चार पानी पत्रात एफएसआय वाढवून मागितला होता, बाकी सगळा मसाला.

वर्गात हे करता येईल. वीस-पंचवीस हरकती स्वतः तयार करा, निम्म्या खऱ्या अडचणीच्या, निम्म्या लबाडीच्या, दोन-तीन निव्वळ रागाच्या. मुलांना त्या वाचून निर्णय लिहू द्या. प्रत्येक निर्णय तीन ओळींत, कारणासकट, आणि तो हरकत घेणाऱ्याला समजला पाहिजे. नकाशा रंगवण्याइतकेच गुण याला ठेवा, नाहीतर कोणी मनावर घेणार नाही.

मोजपट्टी

हे म्हणजे सोनं आहे. उद्याच करते.

तिरपी_रेघ

टेबलावरची_फाईल यांना +१. कागद वाचण्याआधीची एक पायरी मी करते, जमीन एकत्रीकरणाचा खेळ. थोडा मोठा प्रतिसाद होतोय, सांभाळून घ्या.

प्रत्येकाला एक चिठ्ठी. तीवर मूळ भूखंडाचं क्षेत्रफळ आणि आकार. काही लांबट, काहींना रस्ता नाही, एक त्रिकोणी. योजना अशी की सगळ्यांनी ४० टक्के जमीन सोडायची, तिच्यातून रस्ते, बाग, शाळा होणार आणि उरलेल्या ६० टक्क्यांचा नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत मिळणार. ही कल्पना जुनी आहे. फ्रँकफर्टला आडिकेस महापौर असताना १९०२ मध्ये त्यासाठी कायदा झाला, मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, जपानचा स्वतंत्र कायदा १९५४ चा.

पहिला प्रश्न गणिताचा. ४० टक्के सोडून नुकसान होऊ नये तर उरलेल्या जमिनीचा दर किती पट व्हायला हवा? १ भागिले ०.६, म्हणजे साधारण १.६७ पट. जवळजवळ सगळे १.४ सांगतात. इथपर्यंत वातावरण हसतंखेळतं. योजना फायद्याची आहे, कोण नाही म्हणेल?

मग १५० चौ.मी.ची चिठ्ठीवाली मुलगी हात वर करते. तिला परत मिळणार ९०. आणि नियमात किमान भूखंड १०० चा ठेवलेला असतो, हे मी मुद्दाम केलेलं असतं. तिला काय द्यायचं? पैसे देऊन बाहेर काढायचं, की मोठ्यांकडून दहा चौ.मी. काढून भर घालायची? ५००० वाला तोवर दयाळू असतो, मग एकदम "तत्त्वाचा प्रश्न" काढतो. कोपऱ्याचा भूखंड कोणाला यावरून पुढचा अर्धा तास जातो.

आणि दोन चिठ्ठ्यांवर क्षेत्रफळ शून्य असतं. एक जमीन कसतो पण नावावर काही नाही, दुसरी त्या जमिनीवर झोपडी बांधून राहते. मी त्यांचं नावही घेत नाही, बघत बसते की वर्ग त्यांना कधी विचारतो. पुष्कळदा योजना मंजूर होते, टाळ्या होतात, आणि ते दोघं मागे बसलेलेच असतात.

अर्धविराम

हा खेळ मला आवडला. प्लॉट आहे, पण एकटा नाही.

शेवटचा_बाक

खेळ छानच, पण विद्यार्थी म्हणून एक सांगतो. अशा रोल-प्लेमध्ये बिल्डर झालेला पोरगा गॉगल लावून येतो, मिशीवर हात फिरवतो, वर्ग हसतो, आणि झोपडीवालीची भूमिका जिला मिळते ती रडवेला आवाज काढते. शेवटी सगळ्यांचे समज होते तेच पक्के होतात.

तिरपी_रेघ

@शेवटचा_बाक, मुद्दा बरोबर आहे. म्हणून मी "बिल्डर" किंवा "झोपडपट्टीवासी" असं चिठ्ठीवर लिहीतच नाही. फक्त क्षेत्रफळ, कर्ज असेल तर कर्ज, आणि किती वर्षं थांबू शकतो ते. कर्जवाला लवकर सही करतो, थांबू शकणारा अडून बसतो. अभिनयाला जागा उरत नाही, स्वभाव आपोआप येतो.

उलटतपासणी

अमेरिकन नियोजक पॉल डेव्हिडॉफने १९६५ मध्ये मांडलं होतं की नियोजकाने तटस्थ असल्याचा आव सोडावा आणि वकिलासारखी एकेका गटाची बाजू घ्यावी, निरनिराळ्या गटांचे निरनिराळे आराखडे समोर यावेत. शून्य चिठ्ठीवाल्यांना एक नियोजक द्या तिरपी_रेघताई, मग बघा सभा कशी फिरते. आम्हा वकिलांचा धंदाही वाढेल. (हलके घ्या)

टपालपेटी

तारीख पे तारीख स्टुडिओत पण!

रस्ता_बंद_आहे

सगळे खेळ आणि चिठ्ठ्या ठीक, पण मला एक कळत नाही. खऱ्या वस्तीत का जात नाही तुम्ही? वर्गात बसून माणसांचं सोंग कशाला?

तिरपी_रेघ

जातो की. आणि तिथेच मला सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं होतं. विद्यापीठाजवळची एखादी वस्ती सोयीची असते, मग दरवर्षी नवी बॅच, तीच प्रश्नावली. घरात किती माणसं, पाणी कधी येतं, छप्पर कसलं. बाई तिसऱ्या वर्षी विचारते, मागच्या मुलांनी लिहून नेलं त्याचं काय झालं? काहीच झालेलं नसतं, ते ए-वन शीटवर जाऊन गुण मिळवून कपाटात पडलेलं असतं. शेरी आर्नस्टीनने १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तळाशी नुसता देखावा आणि वर लोकांच्या हाती निर्णय. आमची मुलं तिचं सुंदर चित्र काढतात. त्यांचं स्वतःचं सर्वेक्षण त्या शिडीवर कुठे बसतं हे विचारलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

माझा नियम आता एवढाच, की आधीच्या बॅचची माहिती वाचल्याशिवाय वस्तीत पाय ठेवायचा नाही, आणि निघताना काहीतरी कागद तिथे ठेवून यायचा. वस्तीचा घरागणिक नकाशा जरी दिला तरी लोक तो वापरतात.

चौथी_मिती

मूळ मुद्द्याकडे. प्लॉट विरुद्ध शहर यापेक्षा मला "आकडा कुठे माणसाला टेकतो" हे शिकवणं महत्त्वाचं वाटतं. दोन उदाहरणं.

लोकसंख्येचा अंदाज. शहर १,००,००० चं होतं, दहा वर्षांत १,५०,००० झालं. पुढच्या वीस वर्षांचं सांगा. सरळ वाढ धरली तर २,५०,०००. दर दहा वर्षांनी दीडपट धरली तर ३,३७,५००. दोन्ही सूत्रं पुस्तकात आहेत, दोन्हीला पूर्ण गुण मिळतात. फरक ८७,५०० माणसांचा. हेक्टरी १५० माणसं धरली तर साधारण ५८३ हेक्टर. नकाशेबाज, तुमचा ज्युरीतला प्रश्न इथे विचारा. या ५८३ हेक्टरांवर आज शेती करणाऱ्याची जमीन शहरात जाणार की नाही, हे सूत्र निवडणाऱ्याने ठरवलं. मुलं सूत्र निवडतात ते बहुधा मागच्या वर्षीच्या रिपोर्टात होतं म्हणून.

दुसरं जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं. लँडस्केप आर्किटेक्ट मॅकहार्गने १९६० च्या दशकात पारदर्शक थर एकावर एक ठेवून योग्य जमीन शोधायची रीत लोकप्रिय केली, संगणकावर ती फार सोपी झाली आणि तिथेच घात झाला. उताराला १ ते ५, मातीला १ ते ५, रस्त्याच्या अंतराला १ ते ५, वजनं द्या, बेरीज करा, नकाशा तयार. उताराचे ३ आणि मातीचे २ मिळून पाच झाले, पण पाच काय? क्रमांकांची बेरीज करता येते असं कोणी सांगितलं? मी वजनं बदलायला लावतो. रस्त्याचं वजन ०.३ वरून ०.२ केलं की कुठले भाग "योग्य"मधून बाहेर पडतात ते वेगळ्या रंगात दाखवा. जो भाग कशानेही हलत नाही त्याबद्दल छातीठोक बोला. जो हलतो त्यावर रंग नको, प्रश्नचिन्ह हवं.

अर्धविराम

जीआयएसवाल्याकडून हे ऐकून बरं वाटलं. पूररेषेच्या आतली जमीन पाचपैकी एक गुण घेऊनसुद्धा बाकीच्या थरांच्या जोरावर "मध्यम योग्य" ठरलेली मी पाहिली आहे. तिथे गुण द्यायचे नसतात, ती बाजूला काढायची असते.

टेबलावरची_फाईल

आणि मग त्या मध्यम योग्य जमिनीवरच्या हरकती आमच्या टेबलावर येतात.

रस्ता_बंद_आहे

धागा वाचून एवढं कळलं की नियोजन शिकवायला वकील, भूगोलवाला, सिव्हिलवाली, कचेरीतला माणूस आणि समाजशास्त्र असे पाच जण लागतात. विद्यापीठ जागा मात्र एकच काढतं, तीही तासिका तत्त्वावर.

टपालपेटी

आणि तीवर आर्किटेक्ट येतो. =))

नकाशेबाज

सगळ्यांचे मनापासून आभार, टपालपेटीचेसुद्धा. मी आर्किटेक्टच आहे.

आत्ता डोक्यात बसलेलं सांगतो. सुरुवात प्लॉटपासूनच, यावर मी ठाम आहे. मोजपट्टींचं पार्किंगचं गणित पहिल्या दिवशी, काही न समजावता. त्याच आठवड्यात उलटतपासणी यांचा निकाल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या. मग शहर, आणि लोकसंख्येला प्रत्येक गटाला वेगळं सूत्र, म्हणजे भांडण आपोआप लागेल. शेवटी रंगीत नकाशा असेलच, तो काढून टाकायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण अंतिम ज्युरीत निम्मे गुण हरकतींवरच्या निर्णयांना. दुसऱ्या गटाने हरकती घ्यायच्या, पहिल्याने लिहून उत्तरं द्यायची.

@अर्धविराम सर, तुमचं खोरं कुठे बसवू हे मात्र अजून जमत नाही.

अर्धविराम

सोपं आहे. तुमचा पहिल्या दिवशीचा प्लॉट नाल्याकाठचा घ्या. मागचं ३ मीटर मार्जिन पाण्यात जातं का ते विचारा, आणि ते पाणी कुठून येतं ते शोधायला मुलांना वर पाठवा. गाड्या खांबांखाली उभ्या करणारच असाल तर पुरात आधी त्याच तरंगतील, तेही मोजा. मग मी विरोध मागे घेतो. निम्मा.

मोजपट्टी

निम्मा म्हणजे एफएसआय ०.७५ का सर? :)

शेवटचा_बाक

गुणांचा प्रश्न राहिला. गटाने काम केलं की दोघं राबतात आणि चौघं पीपीटीत नाव घालतात. हरकतींची उत्तरं तरी एकेकट्याने लिहायला लावा. शिडीवर कुठे बसतो ते मीही मग प्रामाणिकपणे सांगेन.

नकाशेबाज

मान्य. प्रत्येकाला पाच हरकती, नावानिशी सही करून. तिरपी_रेघताई, चिठ्ठ्यांचा संच मिळेल का?

तिरपी_रेघ

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, छापून कापून घ्या. भूखंड क्र. ७ चं चिठ्ठीवरचं क्षेत्रफळ आणि नकाशावरचं माप जुळत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलंय, कृपया दुरुस्त करू नका.